मागे नसलेली होडी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. गिऱ्हाइकाने लिंबू-मिरची बांधून गाडी आणली की मी म्हणतो, "साहेब, लिंबाने अर्थिंग मिळत नाही हं!" मीटरवर आकडा आला तर करंट आहे, नाही आला तर नाही... एवढाच माझा देव. बायको म्हणते, तुम्ही देवघरातसुद्धा टेस्टर घेऊन जाल. तरीही हे लिहितोय, कारण काल संध्याकाळी जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाहीये. आधी मागचं सांगतो, म्हणजे कालचं कळेल.

माझं दुकान सीवूड्सजवळ, करावे गावाच्या तोंडाशी. मी मूळचा साताऱ्याकडचा, पण या गावातल्या निम्म्या गाड्यांच्या वायरी माझ्या हातून गेल्यात. गावात नाना म्हणून एक म्हातारे आहेत, सत्तरीला टेकलेले. खाडीत मासेमारी करतात. त्यांची एक छोटी फायबरची होडी आहे आणि ती न्यायला दोन चाकांची ट्रॉली. आधी ती ट्रॉली जुन्या जीपला जोडायचे. यंदा त्यांच्या मुलाने, प्रशांतने, नवीन मोठी गाडी घेतली आणि तिथून सगळं सुरू झालं.

नारळी पौर्णिमेला आठ-दहा दिवस झाले असतील. प्रशांत सकाळीच गाडी आणि ट्रॉली घेऊन दुकानात आला.

"दादा, लय टेन्शन आहे. ट्रॉलीचे लाइटच लागत नाहीत. ब्रेक मारला की इंडिकेटर पेटतो, मग सगळंच बंद. स्क्रीनवर एरर येतो. जीपला तर मस्त चालत होते!"

"घाई आहे का?"

"उद्या पहाटे पाचला नाना होडी घेऊन उरणच्या पुढे करंज्याला चाललेत, इंजिनाच्या कामाला. मी ऑफिसच्या कामाने आज पुण्याला जातोय. ते एकटेच जाणार. मी नको म्हटलं तर ऐकतात का? आणि उरण रोडला ते कंटेनरवाले... दादा, मागे लाइट नसला तर होडी दिसणारच नाही त्यांना."

खरं होतं ते. पोर्टकडे जाणारे कंटेनर अंधारात कसे सुटतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. म्हणजे काम साधं होतं, पण चुकलं तर म्हाताऱ्याच्या जिवाशी गाठ होती.

नवीन गाड्यांचं एक असतं. जुनी जीप बिचारी भोळी, स्विच दाबला की करंट सोडून मोकळी. नवीन गाडी सोसायटीच्या वॉचमनसारखी असते. आधी चौकशी करते... मागे कोण आहे, दिवे किती आहेत, वायर धड आहे का. उत्तर पटलं नाही तर गेट बंद! त्यामुळे जीपला जे चालून गेलं ते हिला चालत नाही. मी गाडीचं सॉकेट तपासलं, सातही पिना ठीक. म्हणजे घोळ ट्रॉलीत. आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो म्हणजे नव्वद टक्के अर्थिंग, आमच्या भाषेत अर्थ, गेलेली असते.

ट्रॉलीखाली शिरलो आणि हसूच आलं. अर्थचा बोल्ट निळ्या ऑइलपेंटने माखलेला! नुसता बोल्ट नाही... चासी, प्लगची पट्टी, हुकाची वाटी, सगळं निळं. रंगाचे दोन हात दिलेले. रंगातून करंट जाणार कसा?

दुपारी नाना चहा प्यायला दुकानात आले तेव्हा मी त्यांना बोल्ट दाखवला. "नाना, हे कोणी केलं?"

"मीच केला. पुनवेला होडी रंगवतू ना आमी. ट्रॉली पन होडीचीच. आर्धी रंगवलेली दर्याला दावाची नसतं."

"अहो, पण बोल्ट तरी सोडायचा!"

"बोल्ट काय परका हाय?"

मी रंग खरवडला, बोल्ट बदलला, वर एक वेगळी अर्थची वायर थेट प्लगपर्यंत ओढली. दिवे एलईडी होते, फार कमी करंट खाणारे, म्हणून गाडीला ते जाणवावेत यासाठी रेझिस्टर टाकले. ब्रेक, पार्किंग, डावा, उजवा... सगळं चकाचक. नाना खूश. पिशवीतून नारळ काढून म्हणाले, "मिस्त्री, ट्रॉलीवर फोड."

"नाना, नारळाने लाइट लागत नाहीत. लागलेत ते माझ्या वायरने."

त्यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. ते आठवलं की अजून लाज वाटते.

सामान भरायचं म्हणून ट्रॉली जेट्टीजवळ नेऊन सोडली. गाडी माझ्याकडेच ठेवली, कारण जुना एरर तिच्या मेमरीत अडकून होता आणि थोडी चालवल्याशिवाय जाणार नव्हता. साडेसहाच्या सुमारास एकटाच पाम बीच रोडला निघालो, वाशीच्या दिशेने. नीट लक्षात घ्या... गाडीच्या मागे काहीही नव्हतं. मी स्वतः हूक मोकळा केला होता.

सानपाड्याच्या अलीकडे स्क्रीनवर आलं — 'ट्रेलर कनेक्टेड'.

मी बाजूला थांबलो. सॉकेटमध्ये ओल असली तर असं होऊ शकतं, खाडीची खारी हवा पिना खाते. उघडून बघितलं. कोरडं ठणठणीत. स्प्रे मारला, झाकण लावलं, वरून टेप गुंडाळली. निघालो. दोन मिनिटांत परत तेच. आणि आता गाडी जड झाली होती. कसं सांगू... हूकला वजन असलं की गाडी एक ओढ घेते, ब्रेक मारला की मागून एक धक्का येतो. तो धक्का येत होता. मी तीनदा आरशात बघितलं. रिकामा रस्ता!

मनात म्हटलं, ब्रेक जाम असेल.

तेवढ्यात उजवीकडून एक बाइक शेजारी आली. चाळिशीचा माणूस, मागे त्याची बायको. त्याने काच खाली घ्यायची खूण केली.

"भाऊ, ट्रॉलीचे लाइट बंद आहेत! मागून कोणीतरी ठोकेल ना!"

मागून ती बाई रागाने ओरडली, "आणि त्या आजोबांना होडीत कशाला बसवलंय? पडले तर? काही माणुसकी आहे की नाही?"

ते पुढे निघून गेले. मी गाडी कडेला घातली. उतरलो, मागे गेलो. नुसता हूक... वर निळ्या रंगाचा एक ओरखडा.

नानांना फोन लावला.

"नाना, कुठे आहात?"

"घरा हाय. भाकरी खातू. का रं?"

जिवात जीव आला. म्हणालो, "उद्या नका जाऊ."

"कनाला नको? लाइट नाय लागत?"

आता काय सांगणार? दुपारी ज्याच्या नारळाला हसलो त्याला संध्याकाळी म्हणू, नाना, तुम्ही मला नसलेल्या होडीत दिसलात? म्हणजे मला नाही, दुसऱ्यांना...

"लागतात. काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

गाडी त्यांच्या दारात लावली, किल्ली दिली. रात्रभर डोळा लागला नाही. साडेचारला उठलो, बायकोला काहीतरी थाप मारली आणि माझी जुनी व्हॅन घेऊन जेट्टीजवळ लपून उभा राहिलो. पाचला नाना निघाले. ट्रॉलीचे दोन्ही दिवे लालभडक. मी शंभर-दीडशे फूट मागे.

बेलापूर, मग उलवे... सगळं व्यवस्थित. मी स्वतःलाच शिव्या घालायला लागलो होतो. पुढे दोन्ही बाजूंना खारफुटी येते आणि रस्त्यावरचे दिवे संपतात. तिथे ट्रॉलीचे दिवे एकदम विझले.

लुकलुकले नाहीत, मंद झाले नाहीत. विझले. माझ्या व्हॅनच्या दिव्याचा उजेड जेमतेम, समोरची होडी अंधारात गडप झाली. आणि आरशात मागून दोन मोठे दिवे भरधाव येताना दिसले.

मी चारही इंडिकेटर लावले, हॉर्नवर हात दाबून धरला, व्हॅन थोडी उजवीकडे काढली. देवाचं नाव घेतलं. हो, घेतलं! कंटेनरचे ब्रेक किंचाळले. तो माझ्या शेजारून हातभर अंतराने निघून गेला, सगळी व्हॅन हादरली. मी नसतो तर तो थेट होडीत घुसला असता. आणि होडीतून गाडीत.

नाना कडेला थांबले होते. मी धावत गेलो. प्लग घट्ट, फ्यूज शाबूत. मीटर लावला. अर्थ एकदम पक्की. मी काही दुरुस्त करायच्या आतच दिवे आपोआप लागले.

नाना मला बघून चकितसुद्धा झाले नाहीत. स्टिअरिंग धरून बसले होते.

"मिस्त्री, गारी एकदम हलकी झाली रं. मागं होडी नाय असा वाटला. नि त्या काचंवर कायतरी इंग्लिश आला."

मी स्क्रीन बघितली. 'ट्रेलर डिसकनेक्टेड'.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, खाली उतरले, होडीच्या आत कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी पिशवीतून तोच नारळ काढून माझ्या हातात दिला. मी तो ट्रॉलीच्या हुकावर फोडला. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा दिला, मी मुकाट्याने खाल्ला. करंज्यापर्यंत मी त्यांच्या मागेच होतो.

नंतर गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन कॉम्प्युटरला जोडली. मेमरीत एकही एरर नाही. ट्रॉली कधी जोडली, कधी सुटली, काहीच नोंद नाही. मी सगळं वायरिंग उकलून पुन्हा केलं. दोष सापडला नाही, आजपर्यंत नाही. तुमच्यात कोणी या धंद्यातलं असेल आणि कारण सांगू शकत असेल तर हात जोडून ऐकेन.

आता कालचं. संध्याकाळी एपीएमसी मार्केटमधून व्हॅनने घरी येत होतो. या व्हॅनला स्क्रीन नाही, सॉकेट नाही, मागे साधा हूकसुद्धा नाही. सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी थांबला. मागे बघून हसत म्हणाला, "होडी मस्त रंगवली हाय, भाऊ. पन लाइट लावा ना मागचे."

मी मागे वळून बघितलं नाही. हिंमत झाली नाही. सिग्नल सुटल्यावर पहिल्याच कडेला थांबून नानांना फोन लावला.

"नाना, कुठे जाताय का?"

नानांनी उलट मलाच विचारलं.

"तुला कोनी सांगला? प्रशांतला पन म्हाईत नाय. परवा पाटं करंज्याला चाललू."

कालचं परवा म्हणजे उद्या. मी नको म्हणालो, पाया पडतो म्हणालो. ते म्हणाले, इंजिन पुन्हा बंद पडलंय, पोट कोण भरणार. आज सकाळी ट्रॉलीची सगळी वायर तपासून आलो. सगळं ठीक आहे, मीटर तसंच सांगतोय. तरी व्हॅनमध्ये तेल भरलंय, मागच्या काचेवर लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्यात आणि शेजारच्या सीटवर एक नारळ ठेवलाय. पहाटे पाचला मी त्यांच्या मागे असेन.