सव्वाशे माणसांचं घरगुती आइस्क्रीम

पोलादपूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. भाचीचा साखरपुडा ठरला होता. "जेवणानंतर तुझ्या बायकोच्या हातचं आइस्क्रीम ठेवू या. घरगुती. विकतचं नको."

किती माणसं, मी विचारलं.

"घरचीच. सव्वाशे."

बायको हो म्हणाली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या बहिणीने तिच्या एकाही पदार्थाला वाईट म्हटलं नाही, आणि चांगलंही नाही. थोडं खाते आणि ताट पुढे सरकवते. आता तिने आपणहून मागितलं होतं, तेही व्याह्यांना वाढायला. हे बिघडलं तर पुढची बावीस वर्षं कशी जातील, ते दोघांनाही दिसत होतं.

आमची यंत्रसामग्री म्हणजे एक मिक्सर, दोन स्टीलचे डबे आणि फ्रीजरचा कप्पा, ज्यात मटारही राहतात. एका वेळी दहा वाट्या होतात. म्हणून महाडच्या बाजारात मशीन बघायला गेलो. दुकानदाराने वरचं प्लास्टिक काढलं ते पुतळ्याचं अनावरण केल्यासारखं.

"दहा लिटरची आहे, सर. इटालियन टेक्नॉलॉजी."

मी माहितीपत्रक वाचलं. "यात लिहिलंय, मिश्रण पाचच लिटर घालायचं."

"फुगून दहा होतं."

"कशाने फुगतं?" बायकोने विचारलं.

"हवेने, ताई. सगळ्याच आइस्क्रीममध्ये हवा असते."

"म्हणजे वन्संना मी हवा खायला घालू?"

तरी मशीन माझ्या डोक्यातून जाईना. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे बटण असलेल्या वस्तूंवर माझा विश्वास आहे. शिवथरकडचा एक वायरमन बोलावला. त्याने मीटर पाहिला आणि विजेचं बिल मागितलं.

"काका, हितं काय लिवलंय? घरगुती. ती मशीन घरगुतीवर चालायची नाय. कनेक्शन बदलून घ्यावा लागंल."

म्हणजे आइस्क्रीम घरगुती करायचं, तर घर घरगुती राहणार नव्हतं.

"आणि लाइट गेली तर?"

"तर मशीन पन बंद व्हतंय, काका," त्याने शांतपणे समजावलं.

मग बायको मला वरंधला घेऊन गेली. तिथे तिच्या माहेरच्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब आहे. गावच्या पूजेसाठी घेतलेले दोन मोठे लाकडी पॉट त्यांच्याकडे असतात. मधे दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. किती लिटरचा आहे, मी विचारलं. घरच्या म्हातारीने माझ्याऐवजी बायकोला उत्तर दिलं.

"लिटर काय म्हायीत नाय गो बाय. पाच बाप्ये दमले की झाला."

इतकं स्पष्ट माहितीपत्रक मी वाचलेलं नव्हतं. पण सव्वाशे माणसांसाठी दांडा फिरवणार कोण?

"वन्संची घरचीच माणसं आहेत ना?" बायको म्हणाली. "फिरवतील."

साखरपुड्याच्या दिवशी आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस किटल्यांतून नेला, बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून. अंगणात पॉट उतरताना पाहून बहीण म्हणाली, "हे काय गं? मला वाटलं, तयार आणशील."

"तयार मिळतं ते विकतचं, वन्सं."

मिठाने बर्फाचं तापमान शून्याखाली जातं हे मी दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी पहिल्यांदा घडताना पाहिलं. मुलाच्या काकांनी आपण तीन संस्थांचे अध्यक्ष असल्याचं सांगून दांडा हाती घेतला, वीस फेरे दिले आणि मार्गदर्शनासाठी खुर्चीत बसले. मुंबईचे भाचे फोटो निघेपर्यंत टिकले. मग दोघे शेजारी. दांडा जड होत गेला आणि एकेक जण हात झटकत उठला.

शेवटी बहीणच पुढे आली. पदर खोचला आणि दांडा धरला. दहा-बारा फेरे कसेबसे झाले, मग तो हलेना. तिने झाकण काढलं, पात्याला लागलेलं आइस्क्रीम बोटावर घेऊन चाखलं. बायको मिठाचं भांडं धरून उभी होती.

मुलाची आई जवळ आली. "छान दाट झालंय हो. कुणी केलं?"

"आम्ही केलंय," बहीण म्हणाली, आणि स्वतःच वाट्या भरायला बसली.

परतताना बिरवाडी फाट्याजवळ बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ऐकलंत ना? वन्सं 'आम्ही' म्हणाल्या."

बहिणीने फक्त शेवटचे दहा फेरे दिले, हे मी लक्षात आणून दिलं.

"तुम्ही गाडी चालवा," बायको म्हणाली.