कोकिळाबाईने लपवलेली गाठ

शेड बंद होणार ही बातमी कोकिळाबाईला भिंतीवरच्या कागदाने कळली. कागदावर मात्र 'बंद' हा शब्द नव्हता. बऱ्हाणपूरची शेड मुख्य कारखान्यात विलीन होत आहे, असं लिहिलं होतं. एकोणपन्नास सालचा माघ महिना होता. संस्थानं विलीन होत होती, नकाशे रोज बदलत होते, पेपरात तो शब्द नाही असा दिवस जात नव्हता. कोकिळाबाईने कागद दोनदा वाचला आणि आशाबाईला म्हणाली, "ज्याले हा शब्द लागतो, त्याचं काहीतरी जातं."

शेड बऱ्हाणपूरच्याच लालबागला, स्टेशनाच्या मागे. लढाईच्या वर्षांत परदेशातून पंखांचं लिननचं कापड येणं थांबलं, तेव्हा विमान कंपनीने ती उभारली होती. बऱ्हाणपुरात घट्ट विणीचं सुती कापड मिळत होतं आणि शिवणारे हातही होते. रेल्वेने लाकडी सांगाडे यायचे, पंखांचे. शेडमधल्या सव्वीस बाया त्यांवर कापड ताणून शिवायच्या. मग शिवणीवर पट्टी चिकटवायची, वर रोगणाचे हात द्यायचे, आणि तयार पंख गाडीत चढायचे. विद्यार्थी वैमानिक त्या विमानांवर उडायला शिकत. रोगणाला पिकल्या केळ्यांचा वास होता. बाया घरी गेल्या की पोरं विचारायची, केळी कुठं आहेत?

कोकिळाबाई माहेरची निंबोल्याची. तिची आई जिनात कापसाच्या गोण्यांची तोंडं शिवायची. गाडीवरून गोणी फेकली तरी तोंड उसवू नये, म्हणून आईची एक खास गाठ होती. दोरा दोनदा स्वतःभोवती फिरवून खालून ओढायचा. ओढली की बसली. मग दातांनीही सुटत नसे. कोकिळाबाई सात वर्षांची असताना ती गाठ शिकली. पुढे लग्न होऊन बऱ्हाणपुरात आली, शिंप्याच्या घरात. नवरा लोटू चांगला कारागीर होता, पण पस्तिशीतच त्याचे डोळे अधू झाले. सुईत दोरा ओवायला तो बायकोला हाक मारू लागला, तेव्हा तिने शेडमध्ये नाव घातलं.

कंपनीने शिकवलेली गाठ उन्हाळ्यात दोऱ्यावरचं मेण पातळ झालं की सरकायची. कोकिळाबाईने आईची गाठ टाकून पाहिली. गोऱ्या फोरमनने शिवणीला वजन टांगलं. दोरा तुटला, गाठ तशीच राहिली. त्या दिवसापासून शेडमध्ये तीच गाठ चालली. फोरमन देश सोडून गेला, गाठ राहिली. बाया तिला निंबोल्याची गाठ म्हणत. ती कुठेच लिहिलेली नव्हती.

काम जोडीने चालायचं. पंख लाकडी घोडीवर उभा. अलीकडे कोकिळाबाई, पलीकडे आशाबाई. मधे कापडाच्या दोन भिंती. लांब सुई आरपार जायची, पलीकडून परत यायची. एकमेकींचं तोंड दिसत नसे. दोरा ढिला आला की कळायचं, आशाबाईचं आज काहीतरी बिनसलंय.

कागद लागला त्याच आठवड्यात दक्षिणेतल्या मुख्य कारखान्यातून विनायक नावाचा साहेब आला. बेळगावकडचा. मराठी स्वच्छ, बोलणं कमी. त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, सव्वीसपैकी नऊ जणींना तिकडे काम मिळेल. राहायला कंपनीची खोली. नावं तो महिनाअखेर ठरवणार. बाकीच्यांना दोन महिन्यांचा पगार.

कोकिळाबाईला त्या नऊत असणं भाग होतं. लोटूचे थोरले भाऊ गिरधर यांनी ते दोघं राहत होते ती मागची खोली दिवाळीपर्यंत रिकामी मागितली होती. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. भाऊ वाईट नव्हते. पण डोळ्यांनी अधू माणूस आणि काम गेलेली बायको, यांना बऱ्हाणपुरात दुसरी खोली कोण देणार?

विनायकसाहेब रोज शेडमध्ये फिरू लागला. एकेका घोडीपाशी उभा राहायचा. हातांकडे पाहायचा. वहीत लिहायचा, इंग्रजीत. कोणी पाहतंय असं दिसलं की वही मिटायचा.

"काय लिहितो व हा?" आशाबाई पंखापलीकडून म्हणाली. "आपले हात मोजू राहिला का?"

कोकिळाबाई दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं. साहेब माणसं न्यायला आलेला नाही, गाठ न्यायला आलाय. गाठ वहीत गेली की तिकडच्या बायकांना शिकवतील, मग नऊचे शून्य व्हायला किती वेळ? गाठ आपल्याच हातात राहिली, तरच ते आपल्याला नेतील. म्हणून तो जवळ असेल तेव्हा साधी गाठ टाकायची. तो जेवायला गेला की उसवून पुन्हा आपली टाकायची.

"आणि त्याले समजलं तर?" कोणीतरी विचारलं.

"समजलं असतं तर आला असता कशाले?" आशाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या आणि तसं ठरलं.

आठ दिवस जमलं. साहेब यायचा, साध्या गाठी पडायच्या. साहेब जायचा, कात्र्या चालायच्या. कामाचा वेग निम्म्यावर आला. साहेबाने तेही लिहून घेतलं असणार. नवव्या दिवशी तो कोकिळाबाईच्या घोडीपाशी सकाळपासून उभा राहिला. हलेचना. तिने आणि आशाबाईने उरलेला अर्धा पंख साध्या गाठींनी शिवून पुरा केला. दुपारी त्याला स्टेशनावरून बोलावणं आलं. तो गेला तशा, परत येऊन उसवू म्हणून, बाया हात धुवायला गेल्या. पण पंख न्यायला मालगाडीचा डबा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी लागणार होता. रोगणवाल्या निंबाला घाई करायला सांगितलं होतं. बाया परत आल्या तेव्हा घोडी रिकामी होती. पंखावर पट्ट्या बसल्या होत्या आणि निंबा रोगणाचा पहिला हात देत होता.

आता गाठी दिसत नव्हत्या. रोगण लागलेला पंख उघडायचा तर साहेबाची सही लागायची.

आशाबाईने तिला कोपऱ्यात ओढलं. "गप राहा. साधी गाठ म्हणजे काय कच्ची असते? एवढं जग साध्या गाठीवर चाललंय."

 कोकिळाबाईने जेवणाच्या डब्यातली भाकरी तशीच मिटवून ठेवली. साधी गाठ हिवाळ्यात सरकणार नव्हती, हे तिला माहीत होतं. वैशाखात सरकणार होती. एक सरकली की ताण शेजारच्या गाठीवर, मग तिच्या शेजारच्या. विमान तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. पण गोणी फुटताना पाहिली होती. आधी एक टाका जातो. मग काही करायला वेळ नसतो.

साहेब परतल्यावर ती त्याच्या खोलीत गेली. दार उघडंच ठेवलं. बाहेरून पंचवीस जणी पाहत होत्या, पण ऐकू जाण्याइतकं जवळ कोणी नव्हतं.

तिने सांगितलं, आज रोगणाला गेलेला तीन नंबरचा पंख उघडावा लागेल. अर्ध्या शिवणीत गाठी कच्च्या आहेत.

साहेबाने विचारलं, कोणाच्या?

"सगळ्या माझ्या."

"पलीकडे कोण होतं?"

"पलीकडची नुसती सुई परत देते. गाठ माझ्या बाजूला पडते."

हे खरंच होतं. आठ दिवस सगळ्याच तसं करत होत्या, एवढं मात्र तिने सांगितलं नाही. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि कारण विचारलं. तिने तेही सांगितलं. तुम्ही आमची गाठ नेणार, म्हणून.

 साहेब रागावलेला दिसला नाही, हे तिला जास्त खटकलं.

"बाई, तिकडे आता पत्र्याचे पंख येताहेत," तो म्हणाला. "कापड नाही, दोरा नाही. तुमची गाठ नेऊन मी करू काय?"

"मग नऊ जणी कशाले?"

"जुनी कापडी विमानं अजून उडतात. त्यांची डागडुजी. दोन वर्षं चालेल. पुढचं मला कोणी सांगितलेलं नाही."

त्याने सही केली. त्याच दुपारी पंख उघडला. डबा एक दिवस अडकून राहिला. कोकिळाबाईने सगळी शिवण उसवली आणि पहिल्यापासून घातली, आईच्या गाठीने. आशाबाई पलीकडून सुई परत देत होती. दोरा इतका ताठ येत होता की बोटाला कापत होता. साहेब शेजारीच उभा होता. आज काही लपवायचं नव्हतं. पण त्याने एकदाही तिच्या हातांकडे पाहिलं नाही. तो घड्याळ पाहत होता.

महिनाअखेर यादी लागली. नऊ नावं. चौथं कोकिळाबाईचं. आशाबाईचं नव्हतं.

 आशाबाईने, शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "का व कोकिळा, काय सांगितलं तू साहेबाले?"

कोकिळाबाईने सगळं सांगितलं. कच्च्या गाठी आपल्याच आहेत असं सांगितलं, कोणाचंही नाव घेतलं नाही. तिकडे पत्र्याचे पंख आहेत, दोन वर्षांचंच काम आहे. बायांनी ऐकून घेतलं. जिने आठ दिवस साहेबाला फसवायला शिकवलं, ती आता खरं बोलतेय, हे त्यांना कसं पटावं?

"पत्र्याचे," आशाबाई म्हणाली. "म्हणजे आम्ही तिकडं यायचं नावही काढू नये. छान गोष्ट रचली, बाई."

 कोकिळाबाईला स्वतःलाही एक कोडं पडलं होतं. साहेबाने आपलं नाव का घातलं? कबूल केलं म्हणून, की अशी बाई नजरेखाली बरी म्हणून? विचारलं तर तो उत्तर देईल आणि त्या उत्तरावर आपला विश्वास बसणार नाही, हे तिला कळत होतं. तिने विचारलं नाही.

करारपत्र इंग्रजीत होतं. तिने साहेबाला ओळ न् ओळ मराठीत वाचायला लावली. मग कागद मागून घेऊन ती स्टेशनावर गेली आणि पार्सल ऑफिसातल्या लीलाधरकडून तोच कागद पुन्हा वाचून घेतला. दोघांचं जुळलं. दोन वर्षं, एक खोली, नवऱ्याला सोबत राहायची परवानगी. तिने लीलाधरला तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, बाई, माझ्यामागे आणखी लोक उभे आहेत. मग तिने सही केली.

निघायच्या दिवशी गाडी वेळेवर आली. शेडमधल्या आठ जणी, त्यांची माणसं, गाठोडी, सगळी एका डब्यात चढली. कोकिळाबाई लोटूचा हात धरून त्या डब्याच्या दाराशी गेली. आतून कोणी सरकलं नाही. कोणी नकोही म्हटलं नाही. एकीने मधल्या रिकाम्या जागेवर पाण्याची घागर ठेवली.

ती पुढच्या डब्यात चढली. लोटूला खिडकीशी बसवलं. त्याने विचारलं, बाकीच्या कुठं आहेत?

"मागं," ती म्हणाली.

"बोलतील. लांबचा प्रवास आहे."

कोकिळाबाईने करारपत्र पोलक्यातून काढलं, घडी उलगडली, न वाचता येणाऱ्या ओळींवरून बोट फिरवत 'दोन वर्षं' कुठं लिहिलंय ते शोधलं. लीलाधरने तिथे पेन्सिलीने खूण करून दिली होती. खूण जागेवर होती. गाडी हलली तरी तिचं बोट तिथून उठलं नाही.