खारदांड्याचा डबा

बाबांच्या मासळीच्या वेडाची आमच्या चाळीत सगळे थट्टा करायचे. घाटकोपरला चाळीच्या पायथ्याशीच चांगला मासळीबाजार होता, तरी बाबा दर रविवारी सकाळी पिशवीत स्टीलचा डबा टाकून खारदांड्याला निघायचे. दोन बस बदलून. "दांड्याच्या माशाची चव इथल्या माशाला नाही," एवढंच सांगायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गं, तुझे बाबा मासे आणायला जातात की पकडायला?"

मासे यायचे तेही साफ केलेले, धुतलेले, हळद-मीठ चोळलेले. आईने फक्त तव्यावर टाकायचे. मी सहा वर्षांची असताना तारलीचा काटा माझ्या घशात अडकला. आईने मला कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले आणि मी असा गळा काढला की अख्खी चाळ दारात जमा झाली. पुढच्या रविवारपासून डब्यात काटा काढलेली सुरमई आणि सोललेली कोलंबी येऊ लागली. "मासेवालीला सांगितलं, पोरगी काट्याला घाबरते," बाबा म्हणाले. ती मासेवाली मला तेव्हापासून फार आवडायला लागली.

डबे दोन होते. एक मासे घेऊन यायचा, दुसरा जायचा. दोन्ही माझ्या बारशाला आलेले, झाकणावर माझं नाव कोरलेले. जाणारा डबा आई कधी रिकामा पाठवायची नाही. आमच्याकडे कुणाचंच भांडं रिकामं परत देत नाहीत, साखरेचे चार दाणे तरी घालतात. पण या डब्यात बेसनाचे लाडू जायचे, दिवाळीला करंज्या, मे महिन्यात गावच्या फणसाचे गरे. मासेवालीला एवढा फराळ कशाला, असं मी एकदा विचारलं. "चांगले मासे देते म्हणून," आई म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

घरात चौथे होते आजोबा, बाबांचे वडील. गिरणी बंद पडल्यापासून घरीच. कमी बोलायचे, त्यामुळे जे बोलायचे ते कायदाच असायचा. भिंतीवर आजीचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. बाबा नऊ वर्षांचे असताना ती तापाने गेली, असं मला सांगितलं होतं. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवरा असताना गेलेल्या बायकांचं जेवण असतं, त्या दिवशी आजोबा स्वतः तिचं पान वाढून पत्र्यावर ठेवायचे. कावळा लगेच यायचा. घाटकोपरच्या कावळ्यांना कोण मेलंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी बाबांचं पोट मात्र दरवर्षी न चुकता बिघडायचं. ते जेवायचे नाहीत.

मे महिन्यात आम्ही मालवणकडे गावी जायचो. वाडीतल्या म्हाताऱ्या माझी हनुवटी धरून म्हणायच्या, "चेडू आजयेवर गेलां हा." मी आजीसारखी दिसते, याचा मला केवढा अभिमान. शाळेत कुणी गाव विचारलं की मी छाती काढून सांगायचे.

नववीत असताना एका बुधवारी बाबांना फोन आला आणि ते तसेच चपला घालून गेले. संध्याकाळी दारात उभे राहिले ते ओळखूच येईनात. डोकं भादरलेलं, मिशी नाही. मिशी आई किंवा वडील गेल्यावरच काढतात, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वडील समोर खाटेवर बसले होते. आणि आई तर फोटोत होती.

"कधी?" आजोबांनी विचारलं.

"सकाळी," बाबा म्हणाले.

आजोबा उठले, देव्हाऱ्यातला दिवा त्यांनी शांत केला आणि पडदा ओढला. दहा दिवस तो उघडला नाही. दहा दिवस ते जमिनीवर चटई टाकून झोपले.

त्या रात्री आईने मला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. आजी मेली नव्हती. आजोबांचा मार आणि दारू यांना कंटाळून ती घर सोडून गेली होती आणि खारदांड्याच्या एका विधुर कोळ्याच्या घरी राहिली होती. आजोबांनी गावाला कळवलं, तापाने गेली. फोटोला हार घातला आणि बाबांकडून शपथ घेतली की तिचं नाव या घरात निघणार नाही. बाबांनी शपथ पाळली. नाव कधीच काढलं नाही, मासे आणले.

"मला का नाही नेलं?" मी विचारलं.

"ती दर रविवारी विचारायची, पोरीला कधी आणतोस. बाबा म्हणायचे, दहावी होऊ दे. तोपर्यंत तू गप्प राहायला शिकशील, असं त्यांना वाटत होतं."

माझी दहावी दीड वर्षावर होती. मला इतका राग आला की मी महिनाभर बाबांशी धड बोलले नाही. ती माझ्यापासून दोन बसच्या अंतरावर बसून माझ्यासाठी काटे काढत होती आणि मी तिच्या फोटोला उदबत्ती ओवाळत होते. त्या रागाचं पुढेही मी व्यवस्थित भांडवल केलं. कॉलेज, नोकरी, लग्न, जिथे बाबा नाही म्हणाले तिथे मी फक्त म्हणायचे, "दहावी होऊ दे, हो ना?" आणि बाबा मान खाली घालायचे. आज त्याची मला लाज वाटते.

बाबा पुन्हा खारदांड्याला गेले नाहीत. एक डबा तिकडेच राहिला. आजोबा वारल्यावरही बाबा तिकडे गेले नाहीत. मीही हट्ट धरला नाही, कारण न्यायचं त्यांनी होतं.

यंदा नारळी पौर्णिमेला मी माहेरी गेले होते. आईने नारळीभात केला होता. बाबा आता सत्तरीला आले आहेत. त्यांनी उरलेला डबा मांडणीवरून काढला, आईपुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतेस का?"

मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. आता बस बदलाव्या लागत नाहीत. खारदांड्याच्या गल्लीत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि मला आमची रविवारची पिशवी आठवली, तिचा ओला तळ आठवला.

दार एका साठीच्या बाईने उघडलं. त्या कोळ्याची सून. तोही आता नव्हता. तिने बाबांना ओळखलं. "दादा, किती वर्सं लावलीस रे," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली, वाडीतल्या म्हाताऱ्या बघायच्या तशी, आणि आत जाऊन एक डबा घेऊन आली. झाकणावर माझं नाव, घासून घासून पुसट झालेलं.

"लाडू होते यात, शेवटचे. आईचं कार्य झाल्यावर वाटले सगल्यांना. रिकामा कसा पाठवायचा, आन न्यायला कुनी आलंच नाय."

बाबा उंबऱ्यावरच बसले आणि रडले. मी त्यांच्या शेजारी बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना काही सुनवावंसं वाटलं नाही.

ती बाई विळी घेऊन बसली होती. पाटीतली सुरमई तिने चिरायला घेतली आणि मान वर न करता मला विचारलं, "काटा काढून देऊ ना?"

मी आता तारलीसुद्धा काट्यांसकट चावून खाते. मी म्हणाले, "हो."