देवाशपथ नास्तिक

लिफ्ट दुरुस्त करणारे भाऊ पक्के नास्तिक होते. किती पक्के, तर कुणी शंका घेतलीच तर छातीवर हात ठेवून सांगायचे, "देवाशपथ सांगतो, देव वगैरे काही नाही." समोरचा हसायचा. तो का हसतोय हे भाऊंना कधी कळलं नाही, आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते समजावून सांगायचा नाद लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडला होता.

भाऊंचा नास्तिकपणा पुस्तकातून आलेला नव्हता, तो लिफ्टमधून आला होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आणि आतला दिवा गेला की भले भले शिकलेले लोक, एरवी प्रार्थनाघराकडे ढुंकूनही न बघणारे, दरवाजा बडवत देवाचा धावा करायला लागतात. "आणि येतो कोण?" भाऊ विचारायचे. "मी येतो! तोही जिने चढून, कारण लिफ्ट बंद असते." गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, ब्रेक सोडायचा, चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणून लावायची, धावत खाली येऊन दरवाजा उघडायचा, की आतून घामाने भिजलेली एखादी बाई बाहेर पडून म्हणायची, "भाऊ, अगदी देवासारखे धावून आलात हो!" म्हणजे गुडघे भाऊंचे आणि श्रेय तिसऱ्यालाच. भाऊंचं डोकं फिरायचं. "अरे देवा," ते कपाळाला हात लावायचे, "या लोकांना अक्कल कधी येणार ते देव जाणे."

वहिनी मात्र दर आठवड्याला न चुकता प्रार्थनाघरात जायच्या. तिथली गर्दी आता इतकी कमी झाली होती की बाकावर पिशवी ठेवायलाच काय, आडवं व्हायलाही जागा मिळायची. वहिनींना त्याचं वाईट वाटायचं. भाऊ म्हणायचे, "बघ, जग सुधारतंय." त्यावर वहिनी म्हणायच्या की जग सुधारतंय तर मग तुम्हाला लिफ्टची इतकी कामं का येतात, आणि वाद तिथेच संपायचा.

त्यांची एकुलती एक लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. बापाचं सगळं व्याख्यान लहानपणापासून तिने मनावर घेतलं होतं. बापाचा नास्तिकपणा तोंडात होता, लेकीचा हाडात. परीक्षेच्या दिवशी कुणी "नशिबाने साथ दिली तर" असं म्हटलं तरी ती नाक मुरडायची. अशी ही पोरगी प्रेमात पडली ती नकाशे काढणाऱ्या एका शांत मुलाच्या. मुलगा गुणी होता, त्याला कुठल्याच बाबतीत फारसं मत नव्हतं. पण त्याला आजी होती. आईवडलांमागे त्याला तिनेच वाढवलं होतं, आणि मत काय ते सगळं तिच्याकडे होतं.

आजींचं प्रार्थनाघर वेगळं, वहिनींचं वेगळं. लग्नाची बोलणी सुरू झाली आणि दोघी हातघाईवर आल्या. वहिनी म्हणाल्या, आधी आमची प्रार्थना. आजी म्हणाल्या, आमची जुनी आहे, ती आधी. मुलगा पाणी प्यायला म्हणून जो आत गेला तो बाहेरच येईना. शेवटी लेक उठली. "कुणाचीच नाही," ती म्हणाली. "सरकारी कचेरीत सह्या करायच्या, आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये जेवायचं, संध्याकाळच्या गाडीने आम्ही आमच्या नव्या गावी जायचं. माझ्या लग्नात एकाचा देव मोठा आणि दुसऱ्याचा लहान असं मला नकोय. हे जमणार नसेल तर मला लग्नच करायचं नाही." हे शेवटचं बोलताना तिचा आवाज कापला, तेव्हा दोघींनी भांडण आवरतं घेतलं.

आजी मुरलेल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचाही नाही, आमचाही नाही. पण तुमच्याकडच्या कुणीही त्या दिवशी देवाचं नाव काढलं, तर मग मी माझी प्रार्थना म्हणणार. आणि पूर्ण म्हणणार." आता ही प्रार्थना काय चीज आहे ते मुलाने सांगितलं. लहानपणी तो ती सुरू झाल्यावर झोपायचा, उठून जेवायचा, पुन्हा झोपायचा, तरी ती चालूच असायची. आजींना ती तोंडपाठ होती. गाडी चुकणार हे तर उघडच होतं.

सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. "आई, तू तेवढं सांभाळ गं," लेक काकुळतीने म्हणाली.

"मी सांभाळीन," वहिनी म्हणाल्या. "तू तुझ्या बापाचं बघ."

भाऊ खो खो हसले. "माझं? अगं, देवाशपथ, माझ्या तोंडून चुकूनसुद्धा देवाचं..." आणि ते थांबले. आपण काय बोलतो ते त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा," ते म्हणाले, आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. वहिनी चमचा आणि स्टीलचा पेला घेऊन बसायच्या. भाऊंच्या तोंडून देव निघाला की टण्ण. नाश्त्याला टण्ण, अंघोळीहून बाहेर येताना टण्ण, बूट सापडला नाही की लागोपाठ टण्ण टण्ण. तिसऱ्या दिवशी खालची शेजारीण कौतुकाने वर आली. "वहिनी, भाऊ प्रार्थनेला बसायला लागले वाटतं? सारखी घंटा वाजते." भाऊंनी तिला जे उत्तर दिलं त्यात दोनदा टण्ण झालं.

मग भाऊंनी डोकं लढवलं. देव काढला की तिथे भोक पडतं, तर त्या भोकात दुसरं काहीतरी बसवायला पाहिजे, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. "देव जाणे" च्या जागी त्यांनी "कंपनी जाणे" बसवलं. "देवदयेने" चं "मेंटेनन्सच्या कृपेने" झालं. "अरे देवा" च्या जागी "अरे मोटर" घातलं, ते जरा खडखडत होतं पण चालत होतं. रस्त्यात कुणी तब्येत विचारली की भाऊ म्हणायचे, "मेंटेनन्सच्या कृपेने उत्तम." विचारणारा काळजीत पडून पुढे जायचा.

गोची झाली ती शेजारच्या इमारतीतले म्हातारे काका वारले तेव्हा. भाऊ भेटायला गेले. "देवाघरी गेले" हे शब्द जिभेच्या टोकावर आलेले त्यांनी कसेबसे परतवले आणि काकांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जड आवाजात म्हणाले, "काका वरच्या मजल्यावर गेले."

"वर गच्ची आहे, भाऊ," मुलगा गोंधळून म्हणाला. "बाबा तर हॉस्पिटलमध्ये गेले."

"तसं नव्हे. कायमचे वर गेले. आता खाली येणार नाहीत."

त्या मुलाला रडू यायचं ते हसूच आलं, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर तो तोंडावर रुमाल धरून गदागदा हलत राहिला. लोकांना वाटलं, भाऊंनी फार मनाला लागेल असं काहीतरी सांगितलं.

घरी येऊन भाऊ खुर्चीत बसले. "अगं, हे जमायचं नाही," ते म्हणाले. "मी त्याला मानत नाही हे खरं. पण तो माझ्या बोलण्यात राहतो. भाडं देत नाही, निघतही नाही." वहिनींना त्यांची दया आली. पण चमचा त्यांनी खाली ठेवला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. सह्या झाल्या, जेवणं झाली. आजींनी सकाळपासून आमच्या भाऊंवर अशी नजर ठेवली होती की मांजरानेही लाजावं. त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय हो, जेवण छान झालं, कुणाची कृपा म्हणायची?" भाऊ म्हणाले, "आचाऱ्याची." वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. लेकीने लांबून बापाला अंगठा दाखवला.

मग भाऊ भाषणाला उठले. हॉलमधल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. त्यांनी लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. ती कशी त्यांच्या पिशवीतला पाना घेऊन पळायची, लिफ्ट वर येताना कशी टाळ्या पिटायची, पहिला पगार झाला तेव्हा तिने बापाला गुडघ्याचे पट्टे कसे आणले. एकदा "देव" म्हणून तोंड उघडलं आणि त्याचं "देवाणघेवाण" करून त्यांनी वेळ मारून नेली. हे इतकं सफाईने झालं की वहिनींना टाळी वाजवावीशी वाटली.

आता एकच वाक्य उरलं होतं. लेक आणि जावई समोर उभे होते, दारात सामानाची बोचकी तयार होती. भाऊंना म्हणायचं होतं, देव तुमचं भलं करो. ज्या भाषेत ते जन्मले त्या भाषेत त्यांना याला दुसरे शब्दच माहीत नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कंपनी तुमचं भलं करो म्हणावं तर कंपनीने आजवर कुणाचं केलं होतं? "तुमचा..." भाऊ म्हणाले. "तुमचा मेंटेनन्स नीट होवो."

सगळा हॉल हसला. भाऊही हसायला गेले आणि मध्येच त्यांचा बांध फुटला. आपली पोर आज संध्याकाळी जाणार, आणि आपण तिला देऊन काय दिलं, तर मेंटेनन्स. ते भर हॉलमध्ये लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

लेक धावत पुढे आली. "अरे देवा!" ती ओरडली. "बाबा, रडताय काय असे?"

लेकीने जीभ चावली. वहिनींच्या हातून पेला पडला, आणि तो जो टण्ण वाजला तो सगळ्यांनी ऐकला. आजी सावकाश उठल्या, पदर सारखा केला, चष्मा पुसला. "कुणीही म्हणजे नवरीसुद्धा," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

पोटभर जेवलेले पाहुणे मुकाट्याने उभे राहिले. कुणी खांबाला टेकलं, कुणी शेजाऱ्याला. आजींचा सूर काही वाईट नव्हता, पण घाई नावाला नव्हती. लेक स्वतःवरच चिडली होती. "बाबा, सॉरी," ती भाऊंच्या कानात म्हणाली. "गाडी चुकणार आता."

जावई हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलीच. अजून तर प्रार्थनेचा पहिला भागसुद्धा झाला नाही. आता उद्या सकाळचीच."

भाऊंचे हुंदके थांबले. "म्हणजे आज रात्री घरीच?" त्यांनी विचारलं.

"घरीच. दुसरं काय करणार?"

भाऊंनी नाक पुसलं. ते आजींच्या बाजूला सरकले, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या तशी नम्रपणे म्हणाले, "आजी, मघाचं ते लांब कडवं मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा म्हणाल का?"

आजींनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे संशयाने बघितलं. लेकीनेही चमकून बापाकडे बघितलं. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"हो आजी, म्हणा ना," ती म्हणाली. "आणि जरा सावकाश."