पाठीवरचा खो

कुसगावच्या शाळेत मास्तर रोज सकाळी मुलांना खो-खोसारखं रांगेत उकिडवं बसवतात. पाठीवर थाप देऊन कोणी ‘खो’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. माझी नात चंचल. या सवयीनं ती अभ्यासाला बसायला लागली.

यंदा माझी सून, म्हणजे तिची आई, आजारानं गेली. तिला न्यायची वेळ झाली तरी पोर दारात उकिडवी बसलेली. डोळ्यांत पाणी नाही.

“ऊठ गं, आईच्या पाया पड,” शेजारीण म्हणाली.

“मला अजून खो न्हाई मिळाला.”

“येड लागलं का हिला, मावशी?”

मी शेजारणीला गप्प केलं. पोरीच्या मागं गेले, पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, “खो.”

पोर धावली. आईला धरून रडली. मगच पुरुषांनी तिरडी उचलली.