दिवाळीनंतर न आलेली मुलगी

आमच्या जव्हारकडे दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात. भात झोडून घरात आलं की माणसं वीटभट्टीवर, ठाण्याच्या बांधकामांवर कामाला जातात आणि कॉलेजातली काही मुलंही त्यांच्याबरोबर जातात. मी साखरशेतची, इथेच वाढलेली. शिवाय शिकवते भूगोल. स्थलांतराची कारणं दरवर्षी फळ्यावर लिहून देते. त्यामुळे कोण कुठे गेलं हे मला कुणाला विचारावं लागत नाही, असा माझा तोरा होता.

त्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आली नाही. मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून ती रोज जीप बदलत यायची. अक्षर सुबक, बोलणं जेमतेम. सुट्टीआधी दोनदा ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी पेपर तपासत होते. काय ते लवकर बोल म्हटलं, तर काही नाही म्हणून निघून गेली. मला रागच आला होता. पुढे ती दिसेना, तेव्हा हजेरीपटात तिच्या नावापुढे मी पेन्सिलने 'कामाला' असं लिहिलं आणि विषय संपवला.

कॉलेजच्या मानसिक आरोग्य कक्षाचं काम त्या वर्षी माझ्याकडेच होतं, हे सांगायलाच हवं. कार्यक्रमाला शहरातून तज्ज्ञ बोलावले, शाल-श्रीफळ झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. अहवाल मीच लिहिला, आणि चांगला लिहिला. त्या दिवशी निम्मा स्टाफच थकून भिंतीला टेकला होता. आम्हालाही 'कसे आहात' असं कुणी विचारत नव्हतं. पण ही काही सबब नाही.

फेब्रुवारीत तहसील कचेरीत काम होतं म्हणून मोखाड्याला गेले. बाजाराचा दिवस होता. वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका बाईने मला ओळखलं. प्रवेशाच्या वेळी ती लेकीबरोबर आली होती. मी नेहमीच्या ठसक्यात विचारलं, पोरगी कुठल्या भट्टीवर आहे? परीक्षेला तरी पाठवा.

"कामाला कठं गेली, बाई?" ती म्हणाली. "घरातच हाय. दिवाळीपासून उठत नाय, बोलत नाय."

भगताला दाखवून झालं होतं. दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पोरगी पुन्हा उठेल की नाही, एवढीच त्या बाईला काळजी होती. तुमचं ऐकेल, तुम्ही येऊन चार शब्द सांगा, म्हणाली. मला लाज वाटली. शेंगा तशाच गोणपाटात गुंडाळून आम्ही जीपमध्ये बसलो.

मुलगी भाताच्या कणगीमागे भिंतीला पाठ लावून बसली होती. केस विंचरलेले नव्हते, हात काडीसारखे झाले होते. मी समोर बसले आणि बोलत सुटले. परीक्षेचा फॉर्म अजून भरता येईल, मी भरते. मनाचे डॉक्टर असतात, मी स्वतः घेऊन जाईन. त्या तज्ज्ञांची वाक्यंही ऐकवली. ती नखाने जमिनीचं सारवण कुरतडत राहिली. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा म्हटलं की वर्गात सगळे तुझी आठवण काढतात.

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"कोण कोण?"

मला एक नाव सांगता येईना. वर्गातले चेहरे एकेक आठवून पाहिले. कुणीच विचारलं नव्हतं. ती कामाला गेली, असंच सगळे माझ्यासारखे समजून चालले होते. आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कुणीच नाही गं," मी म्हटलं. "मीसुद्धा नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली. तिची आई दारात उभी राहून रडत होती. मलाही रडू आवरलं नाही.

डॉक्टरांकडे आम्ही गेलो, अजूनही जातो. या गोष्टीला दोन वर्षं झाली. ती आता उठते, नाचणीच्या भाकऱ्या करते, मी गेले की कोरा चहा पुढे ठेवते. कॉलेजचं ती कधी काही विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.