जीपची पायरी

सदर भागातल्या त्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. बाबा गेल्यावर त्यांची जुनी जीप विकण्याआधी मी त्याला दाखवली. दारातून पाणी झिरपतं, इंजिनाची धग पायांना लागते, स्टिअरिंग जड आहे, असं मी सांगत राहिलो. तो नुसती मान हलवत होता.

"आणि आईला चढता येत नाही," मी म्हणालो.

तेव्हा तो थांबला. "भाऊ, बनवणाऱ्याले पहाड दिसला, म्हातारं माणूस नाही दिसलं."

मग तो माझ्यासोबत आलेल्या आईसमोर उकिडवा बसला. "माय, पाय उचल वं, जमते तेवढाच." तिचं पाऊल थांबलं तिथवर त्यानं वितीनं मोजलं आणि तेवढ्याच उंचीवर लोखंडी पायरी जोडून दिली.

आई कुणाचा हात न धरता चढली. बसल्यावर पदर सावरत मला म्हणाली, "विकू नको रे."